बार्बारेस्कोची द्राक्षे आणि आपला उतारा



उसाच्या पत्रिकेत इटलीच्या लाल वाइनचं काय काम, असं काही मंडळी विचारतील. माळकरी सभासदांनी तर मुळीच गैरसमज करून घेऊ नये. पिण्याची भलामण करायला हे लिहिलेले नाही. बाटली बाजूला ठेवा, तिच्यामागचा शेतकरी बघा, एवढंच म्हणणं आहे.

उत्तर इटलीतल्या पिएमॉन्त प्रांतात, तानारो नदीच्या वरच्या टेकडीवर बार्बारेस्को नावाचं लहानसं गाव आहे. आजूबाजूच्या उतारांवर नेब्बियोलो जातीच्या द्राक्षाच्या बागा आहेत. हे द्राक्ष उशिरा पिकतं, तोडणी ऑक्टोबरात येते. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी या मालाला स्वतःचं नाव नव्हतं. शेजारच्या बारोलो वाइनमध्ये तो जायचा किंवा नुसता नेब्बियोलो म्हणून विकला जायचा. माल यांचा, नाव दुसऱ्याचं!

अल्बा शहरातल्या द्राक्ष-मद्य शाळेचे प्रमुख दोमित्सियो काव्हात्सा यांची या गावात स्वतःची बाग होती. १८९४ साली त्यांनी नऊ बागायतदार गोळा केले आणि गावच्या किल्ल्यात सहकारी तत्त्वावर वाइन करायला सुरुवात केली. वाइनला गावाचं नाव दिलं. पुढे फॅसिस्ट राजवटीत ही संस्था बंद पडली. मग १९५८ साली गावच्या चर्चचे धर्मगुरू फियोरिनो मारेंगो यांनी १९ लहान शेतकऱ्यांना एकत्र बसवून ‘प्रोदुत्तोरी देल बार्बारेस्को’ ही संस्था उभी केली. पहिले तीन हंगाम चर्चच्या तळघरात काढले. नंतर समोरच्या चौकात स्वतःची इमारत झाली. आज तिथं पन्नासच्या आसपास कुटुंबं सभासद आहेत आणि सगळ्यांची मिळून शंभर हेक्टरांवर बाग आहे. म्हणजे घरटी सरासरी पाच एकर. आपल्यासारखेच खातेदार की!

याच गावात गाया घराण्याची खाजगी बाग आहे. १८५९ पासूनची. १९६१ साली आंजेलो गाया घरच्या कामात आले. दुसऱ्याची द्राक्षं विकत घेणं या घराण्यानं सोडून दिलं आणि फक्त स्वतःच्या बागेतला माल वापरायचा ठरवलं. १९७८ मध्ये आंजेलोंनी नेब्बियोलोच्या चांगल्या जमिनीत काबर्ने ही फ्रेंच जात लावली, तेव्हा वडील ‘दार्माजी’ म्हणजे ‘वाईट झालं’ असं पुटपुटले म्हणतात. पोरानं त्या वाइनचं नावच दार्माजी ठेवलं. आज गायाची बाटली जगातल्या महागड्या वाइनमध्ये मोजली जाते.

हे ऐकलं की आपल्याकडचे शहाणे म्हणणार, ‘‘बघा, मालक असला की दर्जा येतो, सहकारात सगळं एका घाण्यात.’’ हे मला मान्य नाही, आणि पुरावा त्याच गावात आहे. संस्थेची वाइन गायाच्या मानानं कितीतरी स्वस्त असते, पण जाणकार तिला मान देतात. संस्था नऊ टेकड्यांच्या नऊ वेगळ्या वाइन काढते आणि त्या बाटलीवर त्या टेकडीच्या शेतकऱ्यांची नावं छापते. हंगाम हलका गेला तर या नऊ काढतच नाही. सगळा माल एकत्र करून साधी बार्बारेस्को करते. खोटा शिक्का मारत नाही.

हे जमतं ते दोन नियमांमुळे. सभासदानं आपलं सगळं नेब्बियोलो संस्थेलाच घालायचं. बाकीच्या जाती कुठंही विका, पण नेब्बियोलो इथंच. आणि दाम नुसत्या वजनावर नाही. द्राक्षातली साखर आणि दर्जा तपासून ज्याचा त्याला.

आता आपल्याकडे या. एफआरपी ठरते कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर. एकानं पाचट कुजवलं, खताचा हिशेब ठेवला, पक्व ऊस स्वच्छ करून पाठवला. दुसऱ्यानं कोवळा, वाढ्यासकट, तोडून तीन दिवस फडात वाळलेला पाठवला. काट्यावर दोघांना टनाला दर एकच. पहिल्याची साखर दुसऱ्याच्या पट्टीत जाते. वर ‘सभासद निष्ठावान नाहीत, ऊस गुऱ्हाळाला आणि शेजारच्या कारखान्याला घालतात’ ही तक्रार आहेच. निष्ठा मागायची तर मालाची पारखही हवी. त्या गावानं दोन्ही नियम एकत्र ठेवले आहेत. एकच उचलून चालणार नाही.

अडचण मोठी आहे, हे मान्य. तिथं पन्नास घरं, इथं हजारो सभासद आणि रात्रंदिवस गाड्यांची रांग. तरी गाडीतून नमुना काढून ब्रिक्स आणि पोल तपासायची यंत्रं आता आहेत. एखाद्या गटापुरता एक हंगाम प्रयोग करून बघायला काय हरकत आहे? फक्त त्याआधी तोडणीचा क्रम नोंदीप्रमाणे चालला पाहिजे. टोळी वशिल्यानं दुसऱ्याच्या फडात गेली आणि माझा ऊस तुरा येऊन उभा राहिला, तर घटलेल्या साखरेचा भुर्दंड माझ्या माथी का? हा प्रश्न सोडवल्याशिवाय नमुन्यावर दर लावला तर गरीब सभासदच भरडला जाईल. म्हणून येत्या वार्षिक सभेत दोन्ही ठराव जोडीनंच मांडावेत: पहिला तोडणी कार्यक्रम गावच्या फलकावर लावण्याचा आणि दुसरा नमुना तपासणीचा.