घरट्याचं लोकेशन मागू नका

जिओकॅशिंगचा जन्म एका सरकारी निर्णयातून झाला. नागरी जीपीएसमध्ये अमेरिकन सरकार मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे आपली जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे दिसायची. मे २००० च्या सुरुवातीला ही भेसळ थांबली. लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर नावाच्या माणसाने ऑरेगनच्या रानात एक बादली अर्धवट पुरली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. आत पुस्तकं, बेचकी, शेंगांचा एक डबा असा मालमसाला. शोधा, एक वस्तू घ्या, एक ठेवा, वहीत नाव लिहा. झकास खेळ आहे, कबूल.

हाच खेळ आपल्या पक्ष्यांच्या वाटांवर आणायचा म्हटलं की एक युक्तिवाद ठरलेला असतो: मोबाइलमध्ये बुडालेली पोरं त्या निमित्ताने रानात तरी येतील. येतील की. पण येऊन बघतील काय? स्क्रीनवरचा बाण. डोक्यावर हळद्या ओरडत असेल आणि हे साहेब झाडाच्या ढोलीत हात घालून प्लास्टिकची डबी चाचपत असतील. (कोकणात दगडाच्या फटीत हात घालणाऱ्याला फुरसं माहीत नसतं, एवढंच म्हणता येईल. ऑरेगनचा खेळ जसाच्या तसा उचलला की असं होतं.)

पनवेलजवळचं कर्नाळा घ्या. महामार्गाला खेटून असलेलं जेमतेम १२ चौरस किलोमीटरचं अभयारण्य. एवढ्याशा रानात पायवाट सोडून आत शिरायला लावणारी प्रत्येक डबी म्हणजे एक नवी वाट. पहिला माणूस पाला तुडवतो, विसाव्यापर्यंत माती उघडी पडते. पाल्यात चरणाऱ्या नवरंगाचं ताट तिथेच आहे.

तरी डबीवाल्यांना मी निम्मी शिवी देईन. त्यांच्या खेळाला निदान नियम आहेत: खड्डा खणायचा नाही, जागामालकाची परवानगी घ्यायची, तक्रार आली तर कॅश यादीतून काढायची. डबीला कोणीतरी मालक असतो. खरा राग आहे तो आपल्याकडे आधीपासून जोरात चाललेल्या बेवारस जिओकॅशिंगवर. त्यात डबीच्या जागी घरटं असतं.

तिबोटी खंड्या जूनमध्ये, पावसाबरोबर कोकणात उतरतो. चिमणीहून लहान, अंगावर होळीचे सगळे रंग. ओढ्याकाठच्या किंवा रस्त्याकडेच्या मातीच्या दरडीत चोचीने बीळ खणतो आणि पिल्लांना खेकडे, पाली, कोळी आणून भरवतो. एखाद्याला बीळ सापडतं, तो ग्रुपवर पिन टाकतो. पिन पुढे जाते, त्यातून पुढे जाते. रविवारी दरडीसमोर तिपाया लागतात. चोचीत पाल धरलेला बाप समोरच्या फांदीवर बसून राहतो, कारण त्याच्या आणि बिळाच्या मधे माणसं उभी आहेत. आपल्याला ती छान पोज वाटते. फोटो मिळतो, लाइक मिळतात, आणि आत पिल्लं उपाशी असतात.

वर कोणीतरी ब्लूटूथ स्पीकरवर त्याच पक्ष्याची हाक वाजवतो. विणीच्या हंगामात त्या हाकेचा अर्थ 'कोणीतरी तुझी जागा बळकावतोय' असा होतो. बिचारा भांडायला येतो. आपण क्लिक करतो.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा एकदा उघडून बघा. त्यात शिकारीची व्याख्या बंदुकीपाशी थांबत नाही. रानपाखरांच्या घरट्याला किंवा अंड्यांना त्रास देणं हीसुद्धा शिकारच. मोठ्या लेन्सवाल्या काकांना हे ऐकवलं की ते म्हणतात, 'आम्ही तर निसर्गप्रेमी.' असाल. शिकारी राजेही होते.

'मग गावातल्या गाइडचं पोट?' हा प्रश्न खोटा नाही, पण उत्तर उलटं आहे. गाइडला जागा माहीत असते तेव्हा किती माणसं न्यायची, किती अंतरावर थांबवायचं, पिल्लं बाहेर पडायच्या दिवसांत कुणालाच न्यायचं नाही, हे तो ठरवू शकतो. तुमची फुकटची पिन त्याचा धंदाही बुडवते आणि त्याचा अधिकारही. ज्याने पोरवयापासून ती दरड पाहिली, त्याला वळसा घालून गाड्या थेट बिळापाशी जातात.

लपवणं हे ज्ञानाच्या विरोधात आहे, असंही नाही. रानपिंगळा शंभरहून जास्त वर्षं कुणाला दिसला नव्हता. १९९७ मध्ये तो शहाद्याजवळ पुन्हा सापडला, आणि आपल्यापर्यंत ते नोंदींमुळेच पोचलं. नोंद हवीच. ईबर्डवर संवेदनशील पक्ष्यांची नोंद होते, फक्त नेमकी जागा सगळ्यांना दाखवली जात नाही. संशोधनाचं त्यात काही अडलेलं नाही. अडतं ते आपल्या फोटोचं.

आणि खेळायचंच असेल तर डबी नसलेले प्रकारही आहेत. अमेरिकेतल्या भूवैज्ञानिकांच्या संस्थेने सुरू केलेल्या अर्थकॅशमध्ये सापडायला काहीच नसतं. जागेवर जाऊन खडक नीट बघायचा आणि प्रश्नांची उत्तरं द्यायची. कर्नाळ्याच्या मुख्य वाटेवर, वनखात्याला विचारून, असं करता येईल: या वळणावर दहा मिनिटं गप्प उभे राहा, किती वेगळे आवाज आले ते लिहा. खंड्याच्या फोटोखाली मात्र 'रायगड जिल्हा, जुलै' एवढंच लिहा. कमेंटमध्ये 'लोकेशन प्लीज' येईल. येऊ द्या, उत्तर देऊ नका.