चाळीस सालांचे साल

रविवारी दुपारी आम्ही पाचजण एका मित्राच्या माडीवर फासे टाकत बसतो, ही बातमी आमच्या एका प्राध्यापकांच्या कानावर गेली. त्यांनी वर्गाबाहेर थांबवून विचारले, "काय रे, जुगार वगैरे खेळता की काय?" मी म्हटले, "नाही सर, जहाज चालवतो." "कुठे?" "अंतराळात." सर हसले आणि पुढे गेले. आणखी एक प्रश्न त्यांनी विचारला असता तर जे सांगितले असते, ते आता मासिकाच्या पानावर सांगतो. सर अंक वाचतात हे मला ठाऊक आहे.

हा खेळ कसा असतो ते आधी थोडक्यात सांगितले पाहिजे. एकजण पंच होतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. पंच प्रसंग उभा करतो, आपले पात्र काय करील ते खेळाडू सांगतो, आणि ते जमेल की नाही अशी शंका असेल तेथे फासे पडतात. पट नाही, सोंगट्या नाहीत, शेवटी कोणी जिंकत नाही. अर्धे नाटक आणि अर्धी सापशिडी म्हणा. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ साली असा पहिला खेळ छापून काढला. त्यात भुयारे आणि राक्षस होते. आम्ही खेळतो तो 'ट्रॅव्हलर'. मार्क मिलर यांचा हा खेळ १९७७ साली 'गेम डिझायनर्स वर्कशॉप' या लहानशा कंपनीने काढला. एका खोक्यात तीन छोट्या काळ्या पुस्तिका, एवढाच त्याचा संसार. कंपनी ज्या गावी होती त्या गावाचे नाव नॉर्मल. असला खेळ नॉर्मलमध्ये जन्मावा ही एक गंमतच.

ताऱ्याताऱ्यांतली साम्राज्ये, जहाजे, चाचे, व्यापारी अशा भव्य कथांना इंग्रजीत 'स्पेस ऑपेरा' म्हणतात. हा शब्द विल्सन टकर या लेखकाने १९४१ साली हिणवण्यासाठी काढला होता. पुढे तो मानाने मिरवू लागला. मराठी विज्ञानकथा त्या वाटेने फारशी गेली नाही. जयंत नारळीकरांनी १९७४ साली टोपणनावाने स्पर्धेला पाठवलेली 'कृष्णविवर' घ्या. तिचा ओढा शास्त्राकडे आहे. तलवारी आणि राजमुकुट आपण ऐतिहासिक कादंबऱ्यांसाठी राखून ठेवले. त्यामुळे असा खेळ मराठीतून चालवायचा तर पंचाला तयार शब्द मिळत नाहीत. हे संकट वाटते, पण पुढे सांगेन की ते वरदान ठरले.

माझे ठाम मत असे आहे की, असले खेळ कंटाळवाणे होतात ते पंचाच्या आकाशप्रेमामुळे. हे मी दुसऱ्या कोणावर घेत नाही. पहिल्या रविवारी मी शंभर पानी वहीची सोळा पाने भरून नेली होती. साम्राज्याचे अकरा राजे, त्यांच्या लढाया, तीन धर्म, दोन पंचांगे. दोन तास मी वाचत होतो. खेळाडूंनी तोंड उघडले ते चहा आला तेव्हा. एकजण भिंतीला टेकून झोपला आणि एकाने मोबाईलवर क्रिकेटचा निकाल पाहिला. त्या दिवशी आकाशगंगेचे भवितव्य पणाला लागले होते, पण खोलीतल्या कोणाचेही काही पणाला लागले नव्हते.

दुसऱ्या रविवारी वही घरी ठेवली आणि फक्त कर्जाचे कागद नेले.

'ट्रॅव्हलर'ची खरी करामत येथे आहे, आणि वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला ती पटकन दिसते. या खेळातले नेहमीचे लहान मालवाहू जहाज ३ कोटी ७० लाख ८० हजार क्रेडिटांना पडते. एवढा पैसा कोणाकडे असणार? म्हणून बँक आहे. वीस टक्के रोख भरायचे, आणि मग दरमहा किमतीच्या २४० व्या भागाचा हप्ता ४८० महिने. म्हणजे महिना १ लाख ५४ हजार ५००, चाळीस वर्षे. एकूण भरणा होतो मूळ किमतीच्या २२० टक्के. मी कुतूहलाने व्याजाचा दर काढून पाहिला. तो वर्षाला साडेपाच टक्क्यांच्या आसपास येतो. आपल्या घरकर्जाहून स्वस्त! पण मुदत पाहा.

आता उत्पन्न पाहू. सहा खोल्यांत वरच्या दर्जाचे सहा उतारू, प्रत्येकी १०,०००. माल ८२ टन, टनाला १,००० भाडे. शिवाय वीस गरीब उतारू गोठवून झोपवलेले, प्रत्येकी १,०००. जहाज ठासून भरले तर एका खेपेचे १ लाख ६२ हजार. महिन्याला दोन खेपा. खर्चात हप्ता, चौघांचे पगार, इंधन, खोल्यांतली हवा-पाणी-अन्न आणि वार्षिक दुरुस्तीसाठी बाजूला टाकायचे पैसे धरले की आकडा अडीच लाखांजवळ जातो. म्हणजे भरलेले जहाज जेमतेम पाऊण लाख मिळवते आणि अर्धे रिकामे जहाज साठ हजारांहून अधिक खोटीत जाते. ना-नफा-ना-तोटा बिंदू आम्ही परीक्षेसाठी पाठ केला होता. त्या माडीवर तो पहिल्यांदा दिसला.

त्या रविवारी मी प्रस्तावना केलीच नाही. जहाज बंदरात उभे आहे, महिना संपायला नऊ दिवस आहेत, तिजोरीत चाळीस हजार आहेत, आणि दारात एक गृहस्थ उभा आहे. तो म्हणतो, ही पेटी पुढच्या बंदरावर न्या, पन्नास हजार देतो, पण ती जकात अधिकाऱ्याला दाखवू नका. एवढे बोलून मी गप्प बसलो. चौघांत जी जुंपली ती संध्याकाळपर्यंत. फासा पहिल्या तासात एकदाही पडला नाही.

आमच्यापैकी दोघांची मातृभाषा कन्नड आहे. कन्नडमध्ये 'साल' म्हणजे कर्ज. हप्त्यांचा तक्ता पाहून त्यातला एक म्हणाला, "म्हणजे हे चाळीस सालांचे साल!" तेव्हापासून आमच्या जहाजाचे तेच नाव आहे, आणि या लेखाचेही.

पंचाने गप्प बसणे ही निम्मी कला आहे असे मी आता मानतो. उरलेली निम्मी म्हणजे दारात उभ्या असलेल्या माणसाला काय हवे आहे हे ठाऊक असणे. ग्रहाचा व्यास, हवेचा दाब, लोकसंख्या हे सगळे फासे टाकून काढण्याची सोय पुस्तिकेत आहे, आणि नवखे पंच त्यातच रमतात. खेळाडूला व्यासाशी कर्तव्य नसते. जकात अधिकाऱ्याची बदली अडली आहे, म्हणून तो आज कडक आहे, एवढे कळले की ग्रह जिवंत होतो.

दुसरी एक युक्ती खेळाच्या नियमांतच आहे. एका ताऱ्याहून दुसऱ्या ताऱ्याला झेप घ्यायला सुमारे आठवडा लागतो, आणि जहाजाहून वेगवान निरोप नाही. तार नाही, टेलिफोन नाही. बातमीसुद्धा जहाजानेच येते. म्हणजे शिडाच्या गलबतांचा काळ पुन्हा आला. ज्या बंदरावर धान्य महाग आहे म्हणून तुम्ही निघालात, तेथे पोचेपर्यंत भाव उतरलेला असू शकतो. ज्याला जाब विचारायचा तो मेलेला असू शकतो. आमची पिढी एका मिनिटात उत्तर आले नाही तर बेचैन होते. तिला हा आठवडा फार छळतो, आणि त्या छळातच मजा आहे. वाटेतल्या आठवड्यात जहाजावर काय होते, हे मी प्रत्येक वेळी विचारतो. सर्वांत चांगली भांडणे तेथेच होतात.

फाशांविषयी एवढेच की ते वारंवार टाकू नयेत. दोन फाशांवर आठ किंवा अधिक पडले तर काम जमले, असा साधारण हिशेब आहे. ३६ शक्यतांतल्या १५. फसले तर काही घडणार नसेल, तर फासा टाकण्यात अर्थ नाही. त्या गोठवलेल्या उतारूंचे मात्र वेगळे. त्यांना उठवताना फासा टाकावाच लागतो, कारण एखादा उठतच नाही. आमच्याकडे एकदा असा एक मेला. तोवर तो हिशेबाच्या वहीत 'हजार क्रेडिट' होता. वैद्य झालेल्या मुलीने विचारले, "त्याचे नाव काय होते?" मी नाव ठेवलेच नव्हते. त्याचे भाडे घरच्यांना परत करायचे की नाही यावर पाऊण तास गेला. शेवटी परत केले, आणि त्या महिन्याचा हप्ता चुकला.

येथे माझी दुसरी चूक सांगितली पाहिजे. ती पहिलीहून मोठी आहे.

हप्ता चुकल्यावर पुढच्या बंदरावर बँकेचे वसुलीदार आले. मी त्यांना विनोदी केले. तोतरे बोलणारा एक, मिशा पिळणारा एक. ते जहाजाच्या खुर्च्या मोजतात, कप्तानाचे बूट उतरवतात. सगळे हसत होते. आमचा यंत्रज्ञ झालेला मित्र हसत नव्हता. त्याने फासे खाली ठेवले, काम आहे म्हणाला आणि निघून गेला. त्याच्या वडिलांचा कर्जावर घेतलेला ट्रक होता, आणि दोन वर्षांपूर्वी तो असाच दारातून ओढून नेला होता, हे मला दुसऱ्या दिवशी कळले. वर्षभर एका बाकावर बसत होतो. मी कधी विचारले नव्हते.

कोणी म्हणेल, खेळच तो, एवढे मनाला काय लावून घ्यायचे? मला हे पटत नाही. मन लागावे म्हणूनच तर आपण तो खेळतो. मन लागले की ते दुखावणेही आले. मी त्याच्या घरी गेलो आणि माफी मागितली. पुढे कर्ज आणि वसुली खेळातून काढून टाकू असेही म्हटले. तो म्हणाला, "काढू नको. पण तुला येत नाही. वसुलीवाला मिशा पिळत नाही, तो फार नम्र असतो. घरात पाणी मागतो." पुढच्या रविवारी वसुलीदाराचे काम त्यानेच केले. खोलीत कोणी हसले नाही. त्याने पाणी मागितले, पेला रिकामा केला, आभार मानले आणि किल्ल्या मागितल्या. तीस वेळा खेळलो असू, पण तसा प्रसंग पुन्हा झाला नाही.

आता नवा खेळ सुरू करताना मी आधी प्रत्येकाला वेगळे विचारतो, कोणती गोष्ट खेळात नको. आणि व्यापाराचे प्रश्न आले की त्या मित्राकडे पाहतो. बेळगावहून भाजी भरून गोव्याला गेलेली गाडी परत येताना रिकामी आली तर डिझेल कोणाच्या खिशातून, हे त्याला लहानपणापासून ठाऊक आहे. पुस्तिकेतले कोष्टक भाव सांगते, परतीचे भाडे मिळवायला बंदरावर कोणाशी चहा प्यावा लागतो ते सांगत नाही.

भाषेचे राहिले. सुरुवातीला मी सगळे मराठीत बोलत होतो आणि दोघे कन्नड मित्र मोजके बोलत. मला वाटे, स्वभाव असेल. मग एका बंदरावरचा हमालांचा मुकादम मी कन्नड बोलणारा केला. मोडकीतोडकी का होईना, पण येते मला. त्या क्षणी माडीवरचे पारडे फिरले. ज्यांना मी अबोल समजत होतो त्यांनी त्या मुकादमाशी घासाघीस करून हमालीचा दर उतरवला, आणि आम्ही तिघे मराठी तोंडाकडे पाहत बसलो. आता आमच्या अंतराळात काही बंदरे मराठी आहेत, काही कन्नड, आणि जकातीची भाषा इंग्रजी. तयार शब्द नव्हते म्हणून यंत्रज्ञाला आम्ही 'मिस्त्री' म्हणतो, भाड्याला 'बाडिगे', झेपेला 'उडी'. आमच्या गावाविषयी बाहेरचे लोक पुष्कळ बोलतात. दोन भाषांत भाव कसा करतात हे पाहायला त्यांनी माडीवर यावे.

राहता राहिला सरांचा न विचारलेला प्रश्न: याचा अभ्यासाला उपयोग काय? खरे सांगतो, मी तसे समर्थन करणार नाही. व्याजाचा दर काढायला मी शिकलो हे खरे, पण त्यासाठी कोणी जहाज विकत घेत नाही. आम्ही खेळतो, कारण आठवड्यातले तीन तास चार माणसे माझ्या तोंडाकडे पाहून "मग काय झाले?" असे विचारतात, आणि मी उलट विचारतो, "तुम्ही काय केलेत?"

'चाळीस सालांचे साल' सध्या एका कन्नड बंदरावर उभे आहे. ४८० पैकी सात हप्ते भरले आहेत, आठव्याला सहा दिवस आहेत. बावीस टन जागा रिकामी आहे, आणि एक बाई आपल्या दोन मुलांना गोठवून न्या म्हणते आहे. वैद्य नाही म्हणते, मिस्त्री हो म्हणतो. सहावी जागा रिकामी आहे. फासे आमच्याकडे आहेत, येताना फक्त वही आणावी. सरांनाही निमंत्रण आहे.