मॉस्कोचा निर्णय, गिरणगावाची किंमत

२ ऑक्टोबर १९३९. महायुद्धाच्या निषेधार्थ मुंबईत सुमारे ९०,००० कामगारांनी कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली एक दिवसाचा संप केला. मार्च १९४० मध्ये महागाई भत्त्यासाठी गिरण्या बंद पडल्या; डांगे तुरुंगात गेले.

तेव्हा हे युद्ध ‘साम्राज्यवादी’ होते. स्टालिनचा हिटलरशी अनाक्रमण करार होता ना! २२ जून १९४१ रोजी हिटलर सोव्हिएत युनियनवर चालून गेला आणि वर्षअखेरीस भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या लेखी तेच ‘लोकयुद्ध’ ठरले. जुलै १९४२ मध्ये ब्रिटिशांनी पक्षावरील बंदी उठवली. पुढच्याच महिन्यात गवालिया टँकवर ‘चले जाव’चा ठराव झाला, पक्षाने विरोध केला. उत्पादन थांबू नये म्हणून आता संपही नकोसे झाले. महागाई मात्र वाढतच होती.

‘फॅसिझमविरोधी दूरदृष्टी’ हा बचाव टिकत नाही. १९३९ मध्येही हिटलर हिटलरच होता. या माणसांना गद्दार म्हणणे मात्र उथळपणाचे आहे. गिरणगावासाठी तुरुंगवास त्यांनीच भोगला होता. पण कामगाराने केव्हा लढावे, हे परळमध्ये ठरत नव्हते.

मे १९४३ मध्ये स्टालिनने मित्रराष्ट्रांना खूश करण्यासाठी आंतरराष्ट्रीय कम्युनिस्ट संघटनाच विसर्जित केली. त्याच महिन्यात मुंबईत पक्षाचे पहिले अधिवेशन भरले. तेथेही लोकयुद्धाचीच री ओढली गेली.