खेळण्यांतील आगगाडी व डोंगरांतील आगगाडी

लहान मुलांस आगगाडीचें वेड असतें, हें कोणास सांगावयास नको. परंतु पुष्कळ मोठ्या माणसांसही तें असतें. टेबलावर रूळ मांडून, पुठ्ठ्याचे डोंगर व लांकडाचीं स्टेशनें उभारून विजेवर चालणारी चिमुकली गाडी फिरविणारे हौशी गृहस्थ युरोप-अमेरिकेंत फार आहेत, आणि आपल्या देशांतील मोठ्या शहरांतही आहेत. अशा मांडणींत गाडी बोगद्यांतून निघते ती लगेच पुलावर चढते, आणि वळसा घेऊन आपल्याच रुळांवरून पलीकडे जाते. पाहणारा हंसून म्हणतो, "खरी आगगाडी कोठें अशी धांवते?" आमच्या वडनेर भोलजीच्या मुलांस तसें वाटणें साहजिक आहे. मलकापूर-नांदुऱ्यावरून जाणारा लोहमार्ग पूर्णेच्या सपाट मुलुखांतून गेलेला त्यांनीं पाहिला आहे. तथापि खरी आगगाडीही अशी धांवते. आणि कां धांवते, हें समजून घेण्यासारखें आहे.

आधीं थोडें गणित करूं. मांडणीच्या गाड्यांचें एक प्रचलित प्रमाण ८७ स १ असें आहे. म्हणजे खऱ्या ८७ मीटरांबद्दल टेबलावर १ मीटर. या प्रमाणानें खरा १ किलोमीटर साडेअकरा मीटर भरतो. एवढी जागा घरांत कोणाजवळ असते? सपाटीवरील वेगवान गाडीच्या वळणाची त्रिज्या पुष्कळदां हजार मीटरांवर जाते. तसें वळण मांडूं म्हटल्यास दिवाणखान्याची भिंत फोडावी लागेल! म्हणून मांडणी करणारा वळणें आंवळतो, गाडी आंखूड करतो, आणि उंची गांठावयाची तर रुळांवरून रूळ नेतो. जागा थोडी आणि चढावयाचें पुष्कळ, ही त्याची अडचण. डोंगरांत मार्ग काढणाऱ्या एंजिनियरची अडचणही नेमकी हीच असते. तेव्हां दोघांचें उत्तर सारखें निघालें, तर त्यांत नवल नाहीं.

नेरळ-माथेरानचा मार्ग पाहा. मुंबईचे व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांनीं पैसा पुरविला, व त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनीं १९०४ सालीं काम हातीं घेऊन १९०७ सालीं तें पुरें केलें. खर्च सुमारें १६ लाख रुपये आला. सल्लागार एव्हरार्ड कॅलथ्रॉप. बार्शी लाइट रेल्वे उभारली ती याच गृहस्थांनीं. दोन रुळांमधील अंतर अवघें २ फूट, लांबी सुमारें २१ किलोमीटर, आणि तेवढ्यांत गाडी पायथ्यापासून निघून सुमारें ८०० मीटर उंचीवरील माथेरानास पोंचते. कांहीं ठिकाणीं चढ २० स १ आहे. सर्वांत आंवळ वळणाची त्रिज्या सुमारें १८ मीटर. वरील प्रमाणानें ती वीतभर भरेल. म्हणजे हें खरें वळण जसेंच्या तसें टेबलावर मावतें! अशा वळणावर इंजिन अडूं नये म्हणून जर्मनींतून आणलेल्या इंजिनांच्या टोंकाच्या आंसांस थोडें सरकतां येईल अशी योजना केलेली होती. तीं इंजिनें १९८२ पर्यंत राबलीं.

या गाडीस लोक कौतुकानें 'टॉय ट्रेन' म्हणतात. नांवावर आमचा राग नाहीं. परंतु त्यांतून जो हलकेपणा सुचतो, तो आम्हांस मान्य नाहीं. खेळण्यांतील गाडी घसरली तर मूल ती उचलून पुन्हा रुळांवर ठेवतें. डोंगरांत तसें होत नाहीं. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीनें माथेरानच्या मार्गाची वाताहत केली, तो पुन्हा सुरू होण्यास २००७ साल उजाडलें. २०१९ च्या पावसाळ्यांत पुन्हा हानि झाली, आणि नेरळहून थेट गाडी निघण्यास २०२२ चा ऑक्टोबर लागला. दरड हटविणारे व रूळ तपाशीत पायीं हिंडणारे कामगार यांच्या श्रमावर ही 'खेळण्यांतली' गाडी चालते. दार्जिलिंग, निलगिरि व कालका-सिमला या मार्गांस युनेस्कोनें अनुक्रमें १९९९, २००५ व २००८ सालीं जागतिक वारशाचा मान दिला, तो गमतीखातर नव्हे. डोंगराशीं झुंजण्यापेक्षां त्याच्या कलानें जाऊन माथा गांठावा, ही बुद्धि त्या मार्गांत आहे.

परंतु माथेरान आम्हांस दूर आहे. दार्जिलिंग तर त्याहून दूर. आपल्या उत्तरेस जो सातपुडा दिसतो, त्यांतच असा एक चमत्कार होता, हें आमच्या किती विद्यार्थ्यांस ठाऊक आहे? अकोल्याहून आकोट, हिवरखेड, वान रोड व धुळघाट असा खंडव्यास जाणारा मीटरगेज मार्ग स्वातंत्र्यानंतर बांधण्यांत आला. धुळघाटाजवळ थोड्या जागेंत पुष्कळ उंची गांठावयाची असल्यामुळें रूळ डोंगराभोंवतीं फिरवून आपल्याच मार्गावरून पलीकडे नेले होते. मराठी ४ च्या आंकड्यांत रेघ जशी आपल्यालाच छेदून जाते, तशी ही रचना होती. हैदराबाद व राजस्थान यांस जोडणारी मीनाक्षी एक्सप्रेस एके काळीं याच वळशावरून जात असे.

२०१७ च्या आरंभीं रुंदीकरणासाठीं या मार्गावरील मीटरगेज गाड्या बंद झाल्या. अकोला-आकोट हा तुकडा रुंद होऊन २०२२ च्या नोव्हेंबरांत सुरू झाला. परंतु पुढील वाट मेळघाट व्याघ्रप्रकल्पांतून जाणारी असल्यानें मोठा वाद माजला. जुनीच वाट रुंद करावी, कारण ती जवळची आहे आणि अरण्यांतील कोरकू वस्त्यांस तिचा आधार होता, असें एक म्हणणें. वाघांच्या अरण्यांतून वेगवान गाड्या नेऊं नयेत, असें दुसरें. २०२१ सालीं राज्याच्या मुख्यमंत्र्यांनीं पर्यायी मार्गाचा आग्रह धरला, आणि अखेर हा मार्ग अरण्याबाहेरून, आपल्या बुलढाणा जिल्ह्यांतील सोनाळा-जामोदकडून नेण्याचें ठरलें. आमच्या मतें हा निर्णय योग्य आहे. मीटरगेज गाडी त्या घाटांत रांगत जात असे. रुंद मार्गावरील वेगवान गाडीस तो आंवळ वळसा चालणारा नव्हता, आणि तिच्यासाठीं नवे डोंगर फोडावे लागले असते. मात्र ज्या वस्त्यांची गाडी गेली, त्यांस दवाखाना व बाजार गांठण्याचें दुसरें साधन मिळालें पाहिजे, हेंही तितकेंच न्याय्य होय.

याचा अर्थ असा कीं, जो वळसा मांडणीसारखा दिसे, तो आतां मांडणीच्या रूपानेंच राहूं शकेल. म्हणून विद्यार्थिमित्रहो, आमची सूचना ऐका. धुळघाटाची प्रतिकृति तुम्हीच करा. भूमापन खात्याच्या नकाशावरील समोच्च रेषा पुठ्ठ्यावर उतरून थरावर थर चढवा, वर पूर्णेकांठची चिकणमाती लिंपा, कामट्यांचे पूल व तारेचे रूळ करा. चढ किती, त्रिज्या किती, तें आधीं वहींत मांडा. त्या मार्गावर चालक, गार्ड वा गँगमन म्हणून ज्यांनीं उमर घालविली, अशीं माणसें आकोट-अकोल्याकडे भेटतील. त्यांस नमस्कार करून विचारा, आणि तीं आहेत तोंवर विचारा. रुळांचा हिशेब कागदांत सांपडेल. पावसाच्या रात्रीं त्या घाटांत गाडी कशी चढत असे, हें मात्र त्यांच्याच तोंडून कळेल.

पालकांसही एक विनंति आहे. मुलगा वा मुलगी पुस्तक मिटून चार संध्याकाळ मातींत हात घालून बसली, तर वेळ फुकट गेला असें समजूं नका. भूमिति, भूगोल व पदार्थविज्ञान हे तीन विषय त्या एका मातीच्या डोंगरांत एकत्र येतात. आणि आपल्या शेजारीं काय होतें व काय गेलें याची ओळख होते, ती वेगळीच. ती ओळख ज्यांस झाली, तीं मुलें उद्यां आपल्या जिल्ह्यांतून नवा मार्ग जातांना त्याकडे नुसतीं पाहत राहणार नाहींत. तो कोठून व कां जातो, हेंही विचारतील.