पायाची शीर, हृदयाचा दाब

बायपासला दहा-बारा वर्षं झालेले पेशंट नव्या अँजिओग्राफीची सीडी टेबलावर ठेवतात आणि विचारतात, "डॉक्टर, तूप सोडलं, मटण सोडलं, मग परत ब्लॉकेज कसं?" चूक त्यांची नाही. हृदयविकार म्हणजे कोलेस्टेरॉल, एवढंच आम्ही डॉक्टरांनी त्यांच्या डोक्यात भरवलं.

कोलेस्टेरॉल रक्ताबरोबर सगळीकडे फिरतं. तरी चरबीचा थर धरतो ते मुख्यतः धमनीच्या फाट्यांपाशी. तिथे एका अंगाला धार मंदावते, मागेपुढे हेलकावते. सरळ भागात रक्त भिंतीला घासत वेगानं जातं आणि त्या घर्षणानंच आतलं अस्तर धड राहतं. लंडनचे संशोधक कॅरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे १९६९ सालीच मांडलं होतं. आमच्या ओपीडीत ते अजून पोचायचंय.

बायपासमध्ये ब्लॉकेजला वळसा घालायला आम्ही पायातली शीर काढून हृदयावर लावतो, म्हणजे तिची नोकरीच बदलतो. झोपलेल्या माणसाच्या पायातल्या शिरेत दाब जेमतेम दहाच्या आसपास. तीच शीर हृदयावर शिवली की ठोक्यागणिक एकशेवीसचा दाब, दिवसाला लाखभर वेळा. ती ताणली जाते, मग तग धरायला भिंत जाड करते. हे जाड होणं अनेकदा थांबतच नाही. दहा वर्षांत अशा जवळजवळ निम्म्या शिरा बंद पडतात. बायपासला छातीच्या आतली मॅमरी धमनीही वापरतात; ती मात्र जन्मापासून त्याच दाबाची. अशा धमन्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक तोवर चालू असतात.

थोडं आमच्याही ऑपरेशन टेबलाबद्दल. काढलेली शीर कुठे गळते का, हे बघायला सिरिंजनं सलाइन भरून ती फुगवतात. घाईत अंगठ्याचा जोर जरा वाढला की दाब सहज तीनशेच्या वर जातो आणि अस्तर सोलवटतं. शीर हृदयापर्यंत पोचण्याआधीच निम्मी दुखावलेली! स्वीडनमध्ये सर्जन सूझा यांनी शीर भोवतालच्या चरबीसकट, न फुगवता काढायला सुरुवात केली. त्या शिरा जास्त टिकल्या. यात पायाची जखम भरायला त्रास होतो हे खरं, पण म्हणून आपल्याकडे या पद्धतीवर बोलायचंच नाही का?

डिस्चार्ज कार्डावर 'सीएबीजी × ३' (म्हणजे तीन बायपास) एवढंच लिहून भागत नाही. त्यात शिरा किती, धमन्या किती, हे पेशंटनं विचारून घ्यावं. आणि बरं वाटतंय म्हणून बीपीची गोळी परस्पर बंद करू नये. तो दाब रोज त्या शिरेलाच सोसायचा असतो.