मातीतून मॅटवर

आळेफाट्यावरून नगरच्या दिशेला निघालं की बेल्हे मागे पडतं आणि पारनेरच्या हद्दीत टाकळी ढोकेश्वर लागतं. अस्लम इनामदार तिथला. 7 ऑक्टोबर 2023ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत इराणला हरवून सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय कबड्डी संघात तो होता. 1 मार्च 2024ला त्याच्याच कप्तानीखाली पुणेरी पलटणने हरियाणाला 28-25 नमवून पहिल्यांदा प्रो कबड्डी जिंकली.

अशी झेप घ्यायला पायऱ्या लागतात. क्रोएशियाच्या शिबेनिकमधला बास्केटबॉलपटू द्राझेन पेत्रोविच गावच्या क्लबमधून निघून 1989 साली अमेरिकेच्या एनबीए लीगमध्ये पोहोचला. क्लबच त्याची पहिली पायरी होता. आपल्या जुन्नर-आंबेगावात कबड्डीची हौस दांडगी, पायऱ्या मात्र गायब. पोरं अनवाणी मातीत घडतात आणि मोठ्या स्पर्धेत एकदम बूट घालून मॅटवर उतरतात. मातीत पाय सरकतो, मॅटवर तो चिकटतो. वळताना सगळा भार गुडघ्यावर येतो. त्यात उसातल्या बिबट्यामुळे दिवेलागणीलाच सराव गुंडाळायचा!

जत्रेतल्या सामन्यांची बक्षिसं वाढली, छान झालं. पण विघ्नहर, भीमाशंकर साखर कारखान्यांनी आणि ग्रामपंचायतींनी यंदा एकेक मॅट आणि मैदानावर दिवे एवढं तरी द्यावं.