शाळेचा लहान बँड आणि त्याचें संगीत

शाळेंत बँड असावा कीं नसावा, हा वाद आतां उरलेला नाहीं. ध्वजवंदन, क्रीडासंमेलन, पारितोषिक-समारंभ, पाहुण्यांचें स्वागत, या सर्व प्रसंगीं बँड पाहिजेच, असें पालक म्हणतात, व्यवस्थापक मंडळ म्हणतें, आणि मुलें तर सर्वांच्या आधीं म्हणतात. परंतु बँडनें वाजवावें काय, हा प्रश्न मात्र कोणी काढीत नाहीं. बँड-मास्तरांनीं जें आणलें तें वाजवावयाचें, असाच बहुतेक ठिकाणीं रिवाज आहे. त्याच प्रश्नाविषयीं या अंकांत चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम वस्तुस्थिति. नाशिकसारख्या शहरांतील मध्यम ऐपतीच्या शाळेचा बँड म्हणजे किती मुलें? दोन कॉर्नेट, तीन क्लॅरिनेट, एक युफोनियम, असलाच तर एक ट्राँबोन, चार बासऱ्या, दोन साइड ड्रम, एक मोठा ढोल आणि झांजेची एक जोडी. एवढ्यांत पंधरा मुलें होतात, आणि परीक्षा जवळ आली कीं त्यांतलीं दहाच सरावास येतात. उलट, ज्यास कॉन्सर्ट बँड म्हणतात त्याचें छापील संगीत चाळीस-पन्नास वादक गृहीत धरून लिहिलेलें असतें. त्यांत ओबो आहे, बसून आहे, चार हॉर्न आहेत, ट्यूबा आहे. यांपैकीं एकही वाद्य आमच्या कपाटांत नाहीं. तरीही तें संगीत आणलें जातें, कारण तें स्पर्धेंत दुसऱ्या कोणी तरी वाजविलेलें असतें.

मग काय होतें, तें आम्हीं एकाहून अधिक ठिकाणीं पाहिलें आहे. दोन हुशार मुलें चाल ओढून नेतात, ढोलवाला जोर करून उरलेली पोकळी भरून काढितो, आणि ज्या मुलांस आपला भाग जमत नाहीं त्यांच्या कानांत मास्तर समारंभाच्या सकाळीं सांगतात, "तूं फुंकूं नकोस, नुसतीं बोटें हलव." मुलगा गणवेश घालून, वाद्य ओठांस लावून, सर्व गांवासमोर न वाजवितां उभा राहतो. त्याची आई पहिल्या रांगेंत बसून टाळ्या वाजविते. हा प्रकार आम्हांस मनापासून निंद्य वाटतो. जी शाळा परीक्षेंत दुसऱ्याची वही पाहण्यास गुन्हा समजते, तिनें मुलास रंगमंचावर असें सोंग शिकवावें हें बरें नव्हे. आणि दोष मुलाचा नसतोच. बारा वर्षांच्या मुलाच्या हातीं जें संगीत दिलें, तेंच त्याच्यासाठीं लिहिलेलें नव्हतें.

आमचें म्हणणें असें कीं, संगीत कापावें, बेतावें, दुमडावें आणि हातीं असलेल्या मुलांच्या अंगास बसेल असें शिवावें. असें केल्यानें मूळ कृतीचा अपमान होतो, ही कांहीं जाणकारांची तक्रार आम्ही ऐकून आहों. त्यांस आम्ही गुस्ताव होल्स्ट याची साक्ष देतों. बँडसाठीं लिहिलेल्या संगीतांत ज्यास आद्य मानाचें स्थान आहे, तो त्याचा 'पहिला सूट' १९०९ सालचा. त्याच्या हस्तलिखितांत होल्स्टनें पुष्कळ वाद्यांच्या ओळींवर 'असल्यास वाजवावें, नसल्यास सोडावें' अशा अर्थाची खूण करून ठेविली आहे. बँड लहान असला तरी कृति उभी राहावी, ही तजवीज त्यानें स्वतःच केली होती. होल्स्ट हा आमच्यासारखाच शाळामास्तर. लंडनच्या सेंट पॉल मुलींच्या शाळेंत त्यानें १९०५ पासून १९३४ सालीं मृत्यु येईपर्यंत संगीत शिकविलें, आणि त्या शाळेच्या मुलींसाठीं लिहिलेल्या त्याच्या रचना आज जगभर वाजतात. (ऋग्वेदांतील सूक्तें स्वतः भाषांतरित करून त्यांस चाली देणारा तोच, हें आमच्या संस्कृतच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असावें.) त्या सूटचा आरंभ पाहा. तीन मात्रांच्या आठ आवर्तनांची एक भारदस्त चाल प्रथम युफोनियम आणि ट्यूबा यांवर येते, आणि मग तीच चाल वाद्यांमागून वाद्यें उचलतात. ही चाल एकट्या युफोनियमवर वाजविली तरी ऐकणारा स्तब्ध होतो. पुढचीं सर्व रूपें न घेतां तीनच घ्यावीं. वाईट कांहीं होत नाहीं.

आपल्याकडेही हा प्रश्न केवळ शाळेपुरता राहिलेला नाहीं. तो एकदां राष्ट्रापुढें येऊन उभा राहिला होता. राष्ट्रगीत कोणतें असावें याची चर्चा चालली असतां पंडित नेहरूंनीं २५ ऑगस्ट १९४८ रोजीं घटना समितींत जें निवेदन केलें, त्यांत गीताचा अर्थ आणि इतिहास यांबरोबरच तें वाद्यवृंदावर आणि लष्करी बँडवर कसें वाजेल हा मुद्दाही होता. 'वंदे मातरम्' बँडवर वाजवितां येत नाहीं, असा जो आक्षेप होता, तो खोडून काढण्यासाठीं आपले मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर यांनीं अपार श्रम घेतले. झिंझोटी रागांत त्यांनीं चाल बांधिली, पाश्चात्य बँडच्या जाणकारांशीं विचारविनिमय केला, आणि दिल्लीस जाऊन तें वाजवून दाखविलें. २४ जानेवारी १९५० रोजीं 'जन गण मन' राष्ट्रगीत ठरलें व 'वंदे मातरम्'ला समान मान मिळाला, हें सर्वांस ठाऊक आहे. आमच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट वेगळीच. रंगभूमीवर आणि मैफलींत वाढलेला एक मराठी गवई, चाल लोकांच्या मुखीं बसावी आणि तुतारी-नगाऱ्यांसही पेलावी म्हणून तिच्यांतल्या हरकती स्वखुषीनें गाळतो, हें त्यांत दिसतें. बँडसाठीं चाल बेतणें हें हलक्या दर्जाचें काम आहे असें म्हणणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.

आतां प्रत्यक्ष बेतण्याविषयीं. पहिली अडचण पट्टीची. कॉर्नेट आणि क्लॅरिनेट यांवर जो 'सा' म्हणून शिकवितात तो पेटीवर काळी पांच येतो. आल्टो सॅक्सोफोनचा काळी दोन. आणि युरोपीय धर्तीच्या बासरीचा पांढरी एक. इंग्रजी स्वरलिपींत हा घोटाळा मुलांस वर्षभर छळतो. आमच्या मतें येथें आपलें सरगम फार सोयीचें आहे. गाण्याचा सा काळी पांचवर ठरवावा, सर्वांनीं तोंडानें एकच 'सा रे ग' म्हणावें, आणि कोणत्या वाद्यावर त्यासाठीं कोणतीं बोटें पडतात एवढेंच वेगळें शिकवावें. काळी पांच मुलींच्या आणि लहान मुलांच्या गळ्यासही मानवते, म्हणजे जें वाजवावयाचें तें आधीं गाऊन घेतां येतें. आवाज फुटलेल्या मुलांसाठीं काळी दोन बरी.

दुसरी गोष्ट स्वरांच्या पल्ल्याची. पहिल्या वर्षाच्या कॉर्नेटवाल्यास एक सप्तक पुरे; त्यावर गेला कीं ओठ थकतात आणि सूर फाटतो. क्लॅरिनेटवर खालच्या भागांतून वरच्या भागांत जातांना कळ दाबून जवळजवळ सर्व छिद्रें एकदम झांकावीं लागतात, तेथें नवीन मुलाचा हटकून 'चीं' असा आवाज निघतो. म्हणून चाल त्या उंबरठ्याच्या खालीं ठेवावी, किंवा उंबरठा ओलांडणारे दोन स्वर दुसऱ्या मुलास द्यावे. ट्यूबा नाहीं तर युफोनियमनें खर्ज धरावा. आणि शेवटच्या रांगेंतल्या मुलास, मग त्यास तीनच स्वर येत असोत, ते तीन स्वर जेथें खरोखर लागतात अशी जागा काढून द्यावी. हें सर्वांत कठीण काम आहे आणि येथेंच मास्तराची परीक्षा होते.

चाल निवडावयाची तर भूप किंवा दुर्गा यांसारख्या पांच स्वरांच्या रागांतली आधीं निवडावी. भूपाचे सा रे ग प ध कॉर्नेटवर सहज निघतात. मात्र अशा चालीखालीं पुस्तकी तीन-तीन स्वरांचे गुच्छ भरण्याची घाई करूं नये. रागांत नसलेला मध्यम किंवा निषाद त्या गुच्छांतून शिरतो आणि राग मेला म्हणून समजावें. त्यापेक्षां युफोनियम आणि ट्राँबोन यांनीं सा-प धरून तंबोऱ्याचें काम करावें. मींड हवी असेल तर ती ट्राँबोनवर येते; कॉर्नेटच्या कळांवर ती नीट येत नाहीं, तेथें हट्ट धरूं नये. उपासनेंतील चार आवाजांच्या चाली याच्या उलट. त्या मुळांतच चार भागांत वांटलेल्या असल्यामुळें चार मुलांवरही त्या पूर्ण वाजतात. १८८२ च्या सप्टेंबरांत मुंबईस उतरलेल्या मुक्तिफौजेनें जगभर असेच लहान लहान बँड उभे केले, आणि थोड्या वादकांनीं वाजवावें असें संगीत त्यांच्यासाठीं मुद्दाम लिहवून घेतलें. विल्यम मंकची १८६१ सालची 'ईव्हनटाइड' ही चाल दिल्लीच्या बीटिंग रिट्रीटमधून २०२२ सालीं वगळली गेली. त्याविषयीं आमचें जें मत असेल तें असो, पण दीर्घ स्वर स्थिर धरावयास शिकविण्यास तिच्याइतकी चांगली चाल आम्हांस ठाऊक नाहीं.

नाशिकच्या मास्तरांस एक स्थानिक सूचना. २६ जानेवारीच्या सकाळीं येथें जी थंडी असते ती निफाडच्या पाऱ्यावरून सर्वांस कळतेच. थंड हवेंत फुंकवाद्यांचा सूर उतरतो. पेटीचा मात्र जवळजवळ जागचा हालत नाहीं. घरांत जुळलेला बँड मैदानावर बेसूर होतो तो यामुळें. ध्वजवंदनापूर्वीं दहा मिनिटें वाद्यांत नुसती उबदार फुंकर घालावी, मग सूर जुळवावा, आणि पेटी त्या दिवशीं घरींच ठेवावी. राष्ट्रगीत सुमारें ५२ सेकंदांत संपलें पाहिजे, तें ढोलवाल्याच्या हातीं आहे. ढोलाविषयीं बोलावें तर नाशिक ढोल येथल्या मुलांच्या रक्तांतच आहे, आणि म्हणूनच त्यास आवर घालावा लागतो. सहा फुंकवाद्यांस एक ढोल, तोही कापड टाकून, हें प्रमाण आम्ही सुचवितों.

हें सर्व शिकवावें कोणी? येथें आम्हांस एक अप्रिय गोष्ट बोलावयाची आहे. आमच्याच गांवांत, लग्नसराईंत, असे लोक रस्त्यानें जातात कीं जे ही विद्या रोज करितात. बँडचा मास्तर दुपारीं नवें गाणें ऐकतो आणि संध्याकाळच्या वरातींत तें दहा माणसांस वांटून देतो. कोणाचा दात पडला आहे, कोणाचा श्वास अपुरा आहे, हें सर्व त्याच्या हिशेबांत असतें. पुण्याच्या प्रभात ब्रास बँडनें, म्हणजे सोलापूरकर मंडळींनीं, नाट्यगीतें गणेशविसर्जनाच्या मिरवणुकींत अशा रीतीनें वाजविलीं आहेत कीं जाणते लोक रस्त्यावर उभे राहून ऐकतात. गोमंतकांत चर्चच्या शाळांतून मुलांस स्वरलिपि शिकविण्याची जुनी परंपरा; तिच्यांतून आलेल्या सेबास्टियन डिसोझांसारख्या वादकांनीं मुंबईच्या चित्रपटांचीं गाणीं वाद्यवृंदासाठीं बेतलीं. परंतु 'बँडवाला' हा शब्द आम्ही सुशिक्षित लोक कोणत्या स्वरांत उच्चारतों? आमच्या वर्गांत एक मुलगा होता. वडील काय करितात या रकान्यांत तो 'व्यापार' लिहीत असे. कॉर्नेट मात्र असा धरी कीं शिकविण्याची गरज नव्हती. पुढें कळलें कीं त्याचे वडील व चुलते दोघेही लग्नांतल्या बँडांत वाजवितात, आणि एका पूर्वीच्या शाळेंत मुलांनीं त्यावरून त्याची इतकी चेष्टा केली होती कीं त्यानें तें लपवावयाचें ठरविलें. ज्या घरांत ही विद्या आहे त्या घरच्या मुलानें ती लपवावी, आणि आपण परदेशी कंपन्यांचें संगीत विकत आणून तें न जमल्याबद्दल दुःख करावें, ही स्थिति चमत्कारिक आहे. यांत जातीचा जो अंश आहे तो कोणी नाकारूं नये. आम्हीं त्या चुलत्यांस शनिवारच्या सरावास बोलाविलें. प्रथम ते दाराबाहेरच उभे राहिले. आंत आल्यावर त्यांनीं आमचा लिहिलेला कागद पाहिला नाहीं. मुलांस एकेक करून फुंकावयास लाविलें, आणि मग अर्ध्या तासांत चालीचे तुकडे असे वांटले कीं बोटें हलविणारा एकही मुलगा उरला नाहीं.

एक व्यावहारिक बाब राहिली. १९५७ च्या कायद्याप्रमाणें रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षें हक्क राहतो. होल्स्टच्या रचना आतां मोकळ्या आहेत. अलीकडच्या रचनाकारांच्या चाली बेततांना आधीं परवानगीची विचारपूस करावी. राज्यगीताचा प्रश्नही याच जातीचा आहे. राजा बढे यांचें गीत, श्रीनिवास खळे यांची चाल आणि शाहीर साबळे यांचा पहाडी आवाज. २०२३ पासून तें राज्यगीत झाल्यामुळें प्रत्येक शाळेस तें हवें आहे, आणि प्रत्येक शाळा तें ध्वनिमुद्रिकेच्या उंचीवर वाजवूं पाहते. शाळांनीं निरनिराळे प्रयत्न करीत बसण्यापेक्षां दहा-बारा मुलांच्या बँडसाठीं सोप्या पट्टींतली एक अधिकृत मांडणी शिक्षणखात्यानेंच करवून शाळांस पुरवावी, असें आमचें मागणें आहे. तींत साइड ड्रमला डफाचा ठेका द्यावा.

दरम्यान आमच्या माजी विद्यार्थ्यांस विनंती अशी कीं, ज्यांच्या घरीं जुनें क्लॅरिनेट, हॉर्न किंवा ट्राँबोन माळ्यावर पडून असेल त्यांनीं तें मोडकें असलें तरी शाळेस कळवावें. आणि आर्टिलरी सेंटरच्या किंवा पोलिसांच्या बँडांतून निवृत्त झालेले कोणी पालक असतील तर त्यांनीं शनिवारीं दुपारीं तीन वाजतां संगीताच्या खोलीकडे यावें. खोली जिन्याखालीं आहे, आवाजावरून सांपडेल.